दुसरी तपासणी

शर्टाच्या आतल्या खिशातली छोटी डबी सांभाळत सुजय पावसहून रत्नागिरीकडे गाडी हाकत होता. डबी अंगाच्या उबेत ठेवायची आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमके गोळपजवळ भिकाजीकाका आडवे आले.

"काय रे, यंदा मोहोर कसा?"

"बरा आहे, काका. जरा घाईत आहे."

"कसली मेली एवढी घाई?"

"औषध आणायचंय," म्हणत त्यानं गाडी दामटली.

खरं सांगितलं असतं तर काकांनी तिथंच कपाळावर हात मारला असता. वाडीत कुणा पुरुषानं नसबंदी केल्याचं सुजयनं कधी ऐकलं नव्हतं. ते काम बायकांचंच, असं सगळे धरून चालत. पण धाकट्या लेकीच्या, संस्कृतीच्या वेळी त्याची बायको वेदिका मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "दोनदा तू पोट फाडून घेतलंस. आता माझी पाळी," म्हणत सुजय स्वतः ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपला.

मुंबईची दोघं मोठी भावंडं फोनवर हसली. त्याचे वडील, आप्पा, खाली मान घालून नारळ सोलत राहिले. हात धुऊन मागे लागली ती आई, सगुणा.

"तपासणी झाल्याशिवाय तू मोकळा नाहीस हां!"

तीन महिन्यांनी तपासणी केली, तर थोडे शुक्रजंतू सापडलेच. सुजय वैतागला.

"आता परत नाही जाणार मी. ती डबी घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे!"

"जाशील," सगुणा म्हणाली. "आणि साफ निघेपर्यंत जात राहशील. वेदिकाच्या जिवाशी खेळ नको."

म्हणून ही दुसरी खेप.

दुपारी डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि हात पुढे केला. "शून्य! एकही नाही. आता निर्धास्त राहा."

बाहेर येऊन सुजयनं वेदिकाला फोन लावला आणि "शून्य!" असा ओरडला की रिक्षावाले वळून बघायला लागले. पलीकडे ती हसतेय की रडतेय, कळेना. शून्य मिळाल्याचा असा आनंद त्याला शाळेत कधी झाला नव्हता. मिरकरवाड्याच्या बंदरावरून त्यानं चांगली जाडजूड सुरमई घेतली आणि शीळ घालत घर गाठलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. वेदिकाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. सुजयनं छाती फुगवली.

"आप्पा, वाडीतला नसबंदी करणारा पहिला मर्द मी!"

आप्पांना ठसका लागला.

"पहिला कसला?" सगुणा शांतपणे म्हणाली. "तुझ्या आधी ह्यांनी केली."

सुजयचा घास हातातच राहिला. "आप्पांनी? कधी?"

सगुणानं सुरमईची सगळ्यात मोठी तुकडी त्याच्या ताटात वाढली.

"तू झालास, त्याच्या आदल्या वर्षी. तपासणीला तेवढे गेले नाहीत."