पर्सांची राखण

मालनआत्याच्या मांडीवर पर्सांचा ढीग साचला होता. घरातलं कुठलंही लग्न असो, नाचायला निघालेल्या बायका आपापल्या पर्सा तिच्याकडे टाकून जात. आत्या नाचत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. का नाचत नाही, हे फक्त तिला आणि तिच्या दादाला. पण दादा ते केव्हाच विसरला होता.

विशीत असताना तिनं एका वरातीत बँडपुढे गिरकी घेतली होती. दादानं भर चौकात मनगट धरून तिला ओढत नेलं आणि जीपमध्ये कोंबलं. "पाटलाची पोरगी रस्त्यात नाचते होय? लोक काय म्हणतील?"

आज दादाच्याच नातीचं संगीत होतं. नाच बसवायला पुण्याहून माणूस आणला होता. स्टेजवर विहीणबाईसुद्धा घामाघूम होऊन नाचत होत्या.

दादा घाईघाईनं आला. "मालन, ऊठ, नाच. त्यांच्याकडच्या सगळ्या नाचल्या. तू बसून राहिलीस तर लोक काय म्हणतील?"

"तेच लोक का रे, दादा?"

"जमाना बदललाय गं आता!"

"असं होय? मला कुणी कळवलंच नाही."

तिनं उठून त्याला आपल्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्या पर्सा त्याच्या मांडीवर ठेवल्या. दादा खुशीत हसला. आत्या नाचणाऱ्यांतून वाट काढत स्टेजपाशी गेली, तशीच पुढे गेली आणि पलीकडे कूलरजवळच्या रिकाम्या खुर्चीत टेकली.

समोर दादाच्या मांडीवर आणखी एक पर्स येऊन पडली.

आत्यानं चपला काढल्या. साडीच्या काठाआड तिच्या पायांनी ठेका धरला. लोकांना काही दिसलं नाही.