पुढे अडकलेली सीट

"चांगली गाडी हातात दिली की हा अशी वाट लावतो," असं म्हणत म्हाताऱ्याने काळ्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे टेबलावर आपटले. 'हा' म्हणजे त्याच्यामागे उभा असलेला ड्रायव्हर.

दुकानातल्या बाईने तुकडे उचलले. गाड्यांच्या आतले मोडलेले भाग थ्रीडी प्रिंटरवर हुबेहूब नव्याने छापून देणं हे तिचं काम. सगळे तिला तुकडेवाली ताई म्हणत. हे तुकडे ड्रायव्हरची सीट मागेपुढे करायच्या खटक्याचे होते. सीट पार पुढे जाऊन अडकली होती. ताडमाड ड्रायव्हर गाडीतून उतरला तो घडी उलगडावी तसा. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना कोंबून त्याने गाडी इथवर आणली होती.

म्हाताऱ्याच्या तोंडाचा पट्टा थांबेना. बारा वर्षं पोसलं, पण अक्कल कवडीची नाही. मुलगा परगावाहून आला की आधी याला हाकलून देणार. म्हाताऱ्याच्या सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागली होती. शिव्या खाता खाताच ड्रायव्हरने ती सोडून नीट लावली.

ताईच्या मस्तकात तिडीक गेली. माणूस आहे की पायपुसणं?

"फोन नंबर सांगा," ती तुटकपणे म्हणाली.

म्हाताऱ्याने मुलाचा लिहायला सांगितलं. पण नंबर काही त्याला आठवेना. शेवटी वहीत तो ड्रायव्हरनेच लिहिला. मग गाडीची किल्ली खिशात टाकून त्याने खिशाची चेन ओढून घेतली.

दोघं गेल्यावर ताईने तुकडे मेणाने जोडले. काळं चकचकीत प्लॅस्टिक स्कॅनरला धड दिसत नाही, म्हणून त्यावर पांढरी पूड फवारली आणि खटका फिरत्या तबकडीवर ठेवला. पडद्यावर त्याचा आकार उमटला, तुटल्याची रेघही उमटली. ती रेघ बुजवता बुजवता तिचा हात थांबला.

सीट पुढे घेतानाच हा मोडला होता. एवढा उंच माणूस सीट पुढे कशाला घेईल? म्हातारा मात्र समोरच्या खुर्चीत बसला होता तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आल्यावर तिने नवा खटका बसवला. सीट सुळकन मागे गेली. मग ती म्हाताऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, खटका मोडला तेव्हा गाडी तुम्ही चालवायला बसला होतात ना?"

"मी? चार वर्षं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मुलाला तसा शब्द दिलाय."

"मग सीट पुढे कोणी घेतली?"

"या गाढवाला विचारा."

"मीच घेतली, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "चुकलं माझं."

"ऐकलंत?" म्हातारा कडाडला. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस मला."

"बरं, साहेब."

ड्रायव्हरने त्याला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, दार हलकेच लोटलं. ताईला ते बघवेना. धडधडीत खोटं बोलून एका माणसाची नोकरी घालवायची, आणि त्याने वर बरं साहेब म्हणायचं? ड्रायव्हरला तोंड नसेल, तिला होतं. निदान त्या मुलाला तरी कळू दे, आपला बाप काय करतो ते. तिने वही उघडली आणि तणतणतच नंबर फिरवला.

ड्रायव्हरच्या खिशात फोन वाजला.

त्याने खिशाची चेन उघडली. मागच्या सीटकडे एकदा पाहिलं, गाडीपासून चार पावलं दूर गेला आणि फोन कानाला लावला.

"बोला ताई," तो म्हणाला. "फक्त जरा हळू. बाबांना ऐकू जाईल."