बिनआवाजाचा ऑटो

"बंद पडला का गा तुहा ऑटो?" रुखमाबाईने मागून विचारलं.

"चालू आहे ना, बाई. झाडं मागं जाऊन राह्यली, दिसत नाई का?"

ऑटोत बसलेल्या बाया हसल्या. अजून नीट उजाडलं नव्हतं. मांडीवर रिकाम्या टोपल्या घेऊन त्या मोह वेचायला निघाल्या होत्या. मोहाच्या दिवसांत दरवर्षी खुर्शीदच त्यांना पहाटे रानात सोडायचा आणि ऊन चढलं की घ्यायला यायचा. पण आज ऑटो नवा होता. बॅटरीवर चालणारा.

"पेट्रोल लागतच नाई?" कलाबाईने विचारलं.

"थेंब नाई."

"मंग त तुही बायको आता गोड बोलत असन तुह्याशी."

खुर्शीदही हसला. बाई खोटं बोलत नव्हती. पेट्रोल महाग होत गेलं तसा जुना ऑटो घरातलं खायला लागला होता. दिवसभर सिंदेवाहीच्या सवाऱ्या मारायच्या आणि आलेले पैसे संध्याकाळी पंपावर नेऊन द्यायचे. शेवटी बायकोने, शिरीनने, कानातलं मोडलं आणि बॅटरीचा ऑटो दारात आला. जुना भंगारात गेला. त्याचा सायलेंसर कधीचा फुटला होता. त्याची फटफट नाल्याच्या पलीकडे जायची. दुरून आवाज आला की गावातली पोरं सांगायची, खुर्शीद आला.

रान सुरू झालं तिथे वनखात्याची पाटी होती. हॉर्न वाजवू नये. इतकी वर्षं त्या पाटीजवळून जाताना त्याला शरम वाटायची. आज वाटली नाही.

"आयका आयका," रुखमाबाई म्हणाली. सगळ्या गप्प झाल्या. कुठेतरी मोर ओरडला. मग दुसरी कसलीतरी पाखरं. "इतकी वर्षं या रस्त्यानं येऊन राह्यली मी. पाखरं आजच आयकू आली. लय चांगला ऑटो घेतला, खुर्शीदभाऊ."

वळणावर बाया उतरल्या. गावात प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. रुखमाबाईचं झाड सगळ्यांत लांब, नाल्याच्या काठावर. डोक्यावर टोपली पालथी घालून ती एकटी त्या वाटेने गेली. खुर्शीदने ऑटो वळवला. तोही आवाज न करता वळला.

ऊन चढल्यावर तो परत आला. बाया भरल्या टोपल्या घेऊन रस्त्यावर आल्या. रुखमाबाई आली नाही.

कलाबाईने हाक मारली. मग सगळ्यांनी मिळून मारल्या. मग सगळे एकमेकांना धरून नाल्याकडे गेले. झाडाखाली टोपली उभीच होती, अर्धी भरलेली. चुंबळ बाजूला पडली होती. टोपलीपासून झुडपांकडे गवत लोळवल्यासारखं झालं होतं. पुढचं बायांना दिसू नये म्हणून खुर्शीद आडवा उभा राहिला.

दुपारी वनरक्षक आला. नाल्याच्या रेतीत बसून तो बराच वेळ ठसे पाहत होता.

"रोजचाच वाघ आहे हा," तो म्हणाला. "रात्री इथी बसते. पहाटे उठते आन् पहाडाकडे चालला जाते. जुने सगळे ठसे तिकडंच गेले आहेत. आज काऊन उठला नाई, मले काही समजत नाई."

खुर्शीदला समजलं. त्याला जुन्या ऑटोची फटफट आठवली. बाकी कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. लोक म्हणत होते, बाईची वेळ भरली होती. कोणी म्हणालं, रान आटलं, वाघ वाढले. घरी शिरीनने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, वाघ. जेवला नाही.

तेरवी होईपर्यंत तो बायांच्या गावाकडे फिरकला नाही. मग कलाबाईचा निरोप आला. फुलं पडून राह्यली, मोह काही थांबत नाई, ये.

पहाटे तो गावाच्या शिवेवर पोचला तेव्हा बायांच्या पुढे रुखमाबाईचा नवरा उभा होता. वारलू. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात पोतं. खुर्शीद खाली उतरला, पण त्याला मान वर करता येईना. म्हाताऱ्याच्या पोत्यात कुऱ्हाड असेल असंही त्याला वाटून गेलं. असली तरी तो हलणार नव्हता.

वारलू ऑटोच्या मागे जाऊन खाली उकिडवा बसला. पोत्यातून त्याने लाकडी घंटी काढली. मेलेल्या बैलाच्या गळ्यातली, दोरीने घासून काळी झालेली. ऑटोच्या मागच्या दांडीला तारेने आवळून बांधली. हाताने हलवून पाहिली. खडाक, खडाक. समोरच्या झाडावरून पाखरं उडाली.

मग गुडघ्यावर हात देऊन तो उठला आणि टोपली घेऊन आत बसला.

"रानात बैल सोडाचा त घंटी बांधून सोडा लागते, खुर्शीद," तो म्हणाला. "तुले कोणी सांगितलंच नाई आमी."