चाळीसच्या आत

चू म्हातारीने पाय आपटला आणि मक्याचं अख्खं शेत गप्प झालं.

मग ती बांधावर बसली, डोळे मिटले आणि एकेक बोट मिटत मोजायला लागली. डोळे तसेही आता नावालाच उरले होते. कान मात्र असे की आसपासच्या सात गावांत तोड नाही. तिची सून फंगलिंग जाळी घेऊन शेजारी उभी होती. मध्यरात्रीपासून दोघी शेतात होत्या. हंगाम महिनाभराचा, त्यातला हा सव्विसावा दिवस. फंगलिंगच्या पायांत नुसते गोळे आले होते. पण करता काय? झुंजीचे रातकिडे शहरातल्या शौकिनांना विकायचे, त्यावरच दोघींचं वर्ष निघायचं.

रातकिडा गातो तो मादीसाठी. पाऊल वाजलं की जीव मुठीत धरून बसतो. मग त्याचं त्याला ठरवावं लागतं, जीव सांभाळायचा की तिला हाक मारायची. चाळीस मोजायच्या आत जो पुन्हा गातो तो खरा छातीचा. तो घरी न्यायचा. बाकीचे राहू देत बिचारे शेतात.

"तेरा," म्हातारी पुटपुटली. "डावीकडे, मुळाशी बघ." फंगलिंगने जाळी टाकली आणि किडा मातीच्या बोळक्यात सोडला. तिला जांभई आवरेना.

तेवढ्यात रस्त्यावरून टक्-टक्, टक्-टक् ऐकू आलं. टोफूवाला गेंग लाकडी टिपरी वाजवत आला आणि शेताशी येऊन थांबला. आता सूर्य उगवायच्या आधी मक्याच्या शेतात टोफू कोण घेणार? पण रोज तो इथेच थांबायचा आणि रोज इथेच जास्त वाजवायचा. गावाला कळायचं ते कळलं होतं.

फंगलिंगचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. गेंगचीही बायको वारलेली. तो तिला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण सासूचं काय? आधी एक खतवाला यायचा, त्याच्या अंगावर म्हातारीने खरकटं पाणी फेकलं. मग एक गवंडी यायला लागला, तर त्याच्यावर कुत्रं सोडलं. दोघांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. राबायला सून हवी आहे म्हातारीला, असं शेजारणी म्हणायच्या. फंगलिंगलाही तेच वाटायचं. भांडायचं तर अंगात त्राण उरलं नव्हतं.

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली. "ए मेल्या! लाज आहे का? उद्या इथे दिसलास ना, तर तंगडी मोडून हातात देईन!" असं ओरडून तिने आवाजाच्या रोखाने एक ढेकूळ भिरकावलं. ते टोफूच्या पाटीवर जाऊन फुटलं.

टिपरी थांबली. रातकिडेही थांबले.

संपलं, हाही गेला. फंगलिंगच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हातारी धापा टाकत खाली बसली, डोळे मिटले आणि पुन्हा बोटं मिटायला लागली.

"माणूस हाकललात आणि लगेच किडे मोजायला बसलात?" फंगलिंगचा आवाज फुटला. "थकले हो मी, आई."

म्हातारी मोजतच राहिली. तिचे ओठ हलत होते.

टक्-टक्. टक्-टक्.

"नऊ," म्हातारी म्हणाली.

"नऊ काय? अजून एकही किडा गायलेला नाही."

"किडे कोण मोजतंय?" म्हातारीने तिच्या हातातली जाळी काढून घेतली. "जा. आणि विचार त्याला, दात पडलेली सासू चालेल का म्हणून. बघतेस काय अशी? त्या गवंड्यासाठी मी दिवेलागणीपर्यंत मोजत बसले होते गं."