चिनी मातीचा पडदा

"परवा कोर्टात काय बोलायचं ते वकिलानं लिहून दिलंय," असं म्हणत भिमाजींनी कागद सुनेपुढं सरकवला. "पाठ कर. एक शब्द इकडचा तिकडं नको."

धनश्रीनं कागद वाचला. सातच ओळी होत्या. माझे पती हर्षल यांच्या स्कूटरची बॅटरी बेलापुरातल्या कल्याण नावाच्या दुकानदाराकडून घेतली होती. चार्जिंगला लावली असताना तिनं पेट घेतला. त्यात त्यांचा मृत्यू झाला.

"करते, मामा," ती म्हणाली.

ती दुपारच्या एसटीनं पुण्याहून आली होती. सासूनं वाढलेली भाकरी तिनं खाल्ली. मेथीच्या भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं, हे सासूनं विचारल्यावर तिच्या लक्षात आलं. सात महिने असंच चाललं होतं. लोक रडायचं सांगत, ती मान हलवी.

धनश्री पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बॅटरीवर संशोधन करायची. नेहमीच्या लिथियम बॅटरीत एक द्रव असतो आणि आग लागली की तोच पेटतो. त्या द्रवाच्या जागी चिनी मातीसारखा पातळ, कडक पडदा बसवायचा, हे तिचं काम. पडदा पेटत नाही. पण त्याला बारीक तडा गेला तर तड्यातून लिथियमचा केसासारखा तंतू वाढत जातो, पलीकडं पोचतो आणि बॅटरी आतल्या आत शॉर्ट होते. चार वर्षं ती त्या तड्याच्या मागं लागली होती.

हर्षल बेलापूरला गुरांच्या दवाखान्यात होता. दिवसभर वाड्यावस्त्यांवर स्कूटरनं फिरायचा. बॅटरी फार तापते, अशी त्याची तक्रार असायची. म्हणून दिवाळीला येताना धनश्रीनं चाचणीसाठी बनवलेली एक बॅटरी प्रयोगशाळेत कुणाला न विचारता पिशवीत घालून आणली. पाडव्याच्या सकाळी दोघांनी मिळून ती स्कूटरला बसवली आणि कल्याणकडची जुनी माळ्यावर टाकली. घरात कुणाला सांगितलं नाही. बाहेर कळलं असतं तर तिची नोकरी गेली असती.

त्यानंतर ती रोज फोनवर विचारायची, "तापते का रे?"

"अजिबात न्हाई," हर्षल सांगायचा. "झकास चाललीय."

जानेवारीतल्या एका दुपारी तो जेवायला घरी आला. स्कूटर पुढच्या खोलीत चार्जिंगला लावून तिथंच आडवा झाला. आईवडील मळ्यात होते. लोक धावत पोचले तोवर खोली माळ्यासकट जळाली होती. जे उरलं ते पोलिसांनी पोत्यात भरून नेलं.

धनश्रीला कुणीच काही विचारलं नाही. पोलिसांनी कल्याणला विचारलं, बॅटरी तुझ्याकडची का?

"व्हय, माझीच," तो म्हणाला होता.

तो पंधरा दिवस कोठडीत राहिला. गावानं त्याच्या दुकानाची पाटी तोडली, सामान रस्त्यावर फेकलं. तरी त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही. बिचाऱ्याला माहीतच नाही, असं धनश्रीला वाटायचं. आणि जिला माहीत होतं ती गप्प होती.

प्रयोगशाळेत तिनं तशाच बॅटऱ्या हादरे देणाऱ्या यंत्रावर ठेवून पाहिल्या. खराब रस्त्यावर बसतात तसे हादरे, आठवडेच्या आठवडे. छत्तीस बॅटऱ्या झाल्या. एकीच्याही पडद्याला तडा गेला नाही. म्हणजे सदतिसावीला जात असणार, इतकंच तिनं वहीत न लिहिता मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कल्याणच्या दुकानी गेली. शटर अर्धं खाली होतं. आत कल्याण एकटाच पंख्याचं काहीतरी उघडून बसला होता. तिला पाहून तो गडबडीनं उठला आणि बाहीनं स्टूल पुसायला लागला.

"वहिनी, तुमी?"

"बसत नाही. एवढंच सांगायला आले, जळाली ती बॅटरी तुमची नव्हती. मी आणलेली होती. पाडव्याला आम्हीच बदलली. उद्या कोर्टात मी तसं सांगणार आहे."

एसटीची वेळ सांगावी तसं तिनं ते सांगितलं. आपला आवाज इतका कोरडा कसा, याचं तिला नवलही वाटलं नाही.

कल्याणनं पुसलेलं स्टूल तिच्याकडं सरकवलं.

"तसं बोलू नका वहिनी."

"का? तुम्ही सुटाल. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"खोटं हुईल ते."

तो आत गेला. बराच वेळ आतून सामान सरकवल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर गोणपाटात गुंडाळलेलं खोकं होतं. त्यानं ते टेबलावर ठेवून गोणपाट बाजूला केलं. खोक्यावर पांढरी पट्टी होती आणि पट्टीवर धनश्रीच्या अक्षरात नंबर लिहिलेला होता. खोक्याला साधा ओरखडाही नव्हता.

"सात महिनं तुमच्या दारात यायचा धीर झाला न्हाई," कल्याण म्हणाला. "दिवाळी करून तुमी पुन्याला गेला, त्याच दिवशी हर्षल ही तुमची बॅटरी घिऊन आला. माळ्यावरची जुनी बॅटरी परत बसवून दे म्हनला. मी म्हनलं, आरं, ती तापती, लई जुनी झालीय. तर म्हनला, उसाच्या गाड्यांनी रस्त्याचं वाटुळं केलंय, आदळून आदळून हिला कुठं तडा गेला तर? बायकोची चार वर्सं हायेत हिच्यात, नीट जपून ठेव."