हुंडसेक गडावर जपण्यासारखं

"बूट काढा, बॅरनसाहेब. फरशी आत्ताच पुसलीय. सपाता तिकडं आहेत," गुंडुलाबाई म्हणाल्या.

"माझ्या पणजोबांच्या दिवाणखान्यात मी सपाता घालू?" एकबर्ट फॉन हुंडसेक टाचा वाजवतच आत शिरला. मागून आलेल्या सरकारी पुरातत्त्व खात्याच्या टाम्सबाईंनी मात्र निमूट सपाता चढवल्या.

एकतीस वर्षं गुंडुलाबाई गडावर शाळेच्या सहलींसाठी वसतिगृह चालवत होत्या. बॅरनच्या मते ती गडाला झालेली खरूज होती. नऊशे वर्षांचा गड, तलवारबहाद्दरांचं घराणं, आणि दिवाणखान्यात दुमजली खाटा नि वाटाण्याच्या सूपचा वास! आज खात्याने गड मध्ययुगीन ठरवला की नंतरची सगळी भर पाडायची. आधी पोरांची ती मोरी, मग बाईंचं बोचकं बाहेर.

"या झरोक्यांतून आमच्या पूर्वजांनी बाण सोडले," बॅरन म्हणाला.

टाम्सबाईंनी एका झरोक्यात मोजपट्टी घातली. ती चार बोटं आत गेली आणि अडली.

"बाण बाहेर कसे जायचे?"

बॅरनला हे ऐकू आलं नाही. घराण्याचा कान मुळातच निवडक होता. त्याने बुरूज दाखवला. टाम्सबाईंनी भिंतीवर टकटक केलं.

"आत विटा, वरून सिमेंट. साल अठराशे त्र्याण्णव. खरा गड तुमच्या पणजोबांनी रेल्वेच्या पुलासाठी दगडाच्या भावात विकला. त्यांच्या सहीचा कागद आहे आमच्याकडे. हा नंतर बांधला, पाहुण्यांवर छाप पाडायला."

"म्हणजे इथे जपण्यासारखं काहीच नाही?" बॅरनने विचारलं.

"आहे ना."

टाम्सबाईंनी कोपऱ्यातलं दार ढकललं. पोरांची मोरी. लिंबाच्या रंगाच्या फरशा, ओळीने अठरा बेसिनं, पितळी नळ, कुठे एक तडा नाही.

"एकोणीसशे चोपन्न! इतकं अख्खं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही," टाम्सबाई हळूच म्हणाल्या. पिशवीतून खात्याची संरक्षित वास्तूची निळी-पांढरी पाटी काढून त्यांनी ती दारावर ठोकली. "एकही फरशी हलवायची नाही. आणि वापर आहे तोच ठेवायचा. पोरं इथंच दात घासणार."

बॅरन तरातरा पुढे झाला. उंबऱ्यात गुंडुलाबाई उभ्या होत्या, हातात सपाता घेऊन.

त्याने मदतीसाठी टाम्सबाईंकडे पाहिलं.

"काढा बूट," त्या म्हणाल्या. "ऐतिहासिक वास्तू आहे."