साफ कोण करणार?

वस्तीतलं नवं शौचालय उघडलं, तेव्हा गिरजाबाईंनी ते बांधणाऱ्या संस्थेच्या कर्णिकांना सगळ्यांदेखत विचारलं, “साफ कोण करणार?” तीस वर्षं त्यांनी गावाची घाण उपसली होती.

“पाळी लावलीय. घरटी एक माणूस. पहिला आठवडा माझा.”

“फोटोपुरता,” गिरजाबाई पुटपुटल्या. शेवटी झाडू आपल्या सुनेच्याच हातात येणार, याची त्यांना खात्री होती. रोज सकाळी त्या कोपऱ्यावर उभ्या राहून पाहायच्या. कर्णिक एकटेच घासत असायचे. फोटो कुणी काढत नव्हतं.

आठव्या दिवशी दुकानदार शेटेंची पाळी होती. ते फिरकलेच नाहीत. लोक सवयीनं गिरजाबाईंच्या दाराकडे बघू लागले.

कर्णिक बादली घेऊन शेटेंच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. “सावकाश या. मी थांबतो.”

“मीपण थांबते,” म्हणत गिरजाबाई त्यांच्याशेजारी टेकल्या.